श्रावणातील कागदाचा नाग

१

आपल्या बहुतेक सणांची घडण एक प्रतिमा आणि एक कहाणी ह्यांच्या जोडीने झालेली असते. प्रतिमा पाटावर किंवा भिंतीवर येते, कहाणी एकाच्या मुखातून दुसऱ्याच्या कानात जाते, आणि तिथी उलटली की दोन्ही पुढील वर्षापर्यंत मिटून ठेवल्या जातात. श्रावण शुद्ध पंचमी हा ह्या घडणीचा अतिशय स्वच्छ नमुना आहे. पाटावर गंधाने रेखलेला नाग ही तिची प्रतिमा, आणि शेतकऱ्याच्या फाळाखाली सापडलेल्या नागाच्या पिलांची कथा ही तिची कहाणी.

प्रस्तुत लेखात ज्या नायकाचा विचार करावयाचा आहे तो ह्या जोडीच्या शेजारी पुष्कळ उशिरा, म्हणजे १९८६ साली, येऊन बसला. त्याचे नाव नागराज. दिल्लीच्या राज कॉमिक्स ह्या प्रकाशनाने काढलेल्या हिंदी चित्रकथांचा तो नायक. त्याची कातडी हिरवी व खवलेदार आहे. त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशींच्या जागी सूक्ष्म सर्प वसतात. त्याच्या मनगटांतून नाग बाहेर पडतात, आणि त्याचा दंश व फूत्कार दोन्ही प्राणघातक आहेत. उत्तर भारतातील लहानमोठ्या शहरांत, रेल्वेस्थानकांवरील पुस्तकांच्या दुकानांत आणि दिवसाच्या भाड्याने पुस्तके देणाऱ्या टपऱ्यांवर, निदान दोन पिढ्यांची मुले ह्या नायकाच्या सहवासात वाढली.

अशा नायकाला समीक्षेच्या पानांवर जागा द्यावी काय, हा प्रश्न विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे प्रचलित उत्तर असे की, हा पाश्चात्त्य चित्रकथांतील अतिमानवाचा देशी अनुवाद आहे. कोळ्याच्या जागी नाग घातला, एवढाच काय तो फरक. १९६२ साली अमेरिकेत अवतरलेला स्पायडरमॅन आणि हा नागराज ह्यांच्यात साम्ये आहेत, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. तरीही हे उत्तर अपुरे आहे असे मला वाटते. स्पायडरमॅनला तिथी नाही. वर्षातला असा कोणताही दिवस नाही की ज्या दिवशी न्यूयॉर्कमधील गृहिणी कोळ्याचे चित्र काढून त्याला दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविते. नागराजाच्या मागे मात्र असा एक दिवस उभा आहे, आणि ह्या नायकाचे बल व उणेपण दोन्ही त्या दिवसाच्या संदर्भातच नीट कळतात. ते उलगडून दाखविणे हा ह्या लेखाचा हेतू आहे.

२

हा विचार झाशीत बसून केला जात आहे, ह्याला थोडे महत्त्व आहे. १७४२ साली पेशव्यांच्या वतीने नारो शंकर येथे सुभेदार म्हणून आले. पुढे नेवाळकर घराण्याची सत्ता आली. आणि ती सत्ता इंग्रजांनी १८५४ साली खालसा केल्यावरही येथील मराठी कुटुंबे पांगली नाहीत. १८५७–५८ च्या धामधुमीत वरसईचे विष्णुभट गोडसे येथे येऊन पोहोचले, तेव्हा त्यांना ह्या शहरात मराठी भिक्षुकी, मराठी सणवार आणि मराठी पंगती आढळल्या. ‘माझा प्रवास’ ह्या त्यांच्या वृत्तान्तात ते सर्व आलेले आहे. आज ह्या कुटुंबांची बाजारातली, शाळेतली आणि कचेरीतली भाषा हिंदी आहे. मराठी उरली आहे ती देवघरात आणि स्वयंपाकघरात, म्हणजे नेमकी कहाणीच्या प्रदेशात.

ह्या द्विभाषिक जीवनात श्रावण दोनदा येतो. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेप्रमाणे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सावन लागतो. आमच्या अमान्त पंचांगात त्यासाठी आणखी पंधरा दिवस थांबावे लागते. बाजारात श्रावणी सोमवारची गर्दी सुरू झालेली असते आणि घरात अजून आषाढ चालू असतो. शुद्ध पक्ष मात्र दोहोंत एकच असल्यामुळे नागपंचमी दोन्ही गणनांत एकाच दिवशी येते. त्या दिवशी बाहेर उत्तर प्रदेशाच्या रीतीप्रमाणे आखाडे भरतात आणि कुस्त्या होतात. घरात काही चिरायचे नाही, कापायचे नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही, म्हणून पुरणाची दिंडे उकडली जातात. आमच्या घरी मुलांनी दुपारी माजघरात कहाणी ऐकली आणि संध्याकाळी ओसरीवर भाड्याने आणलेला नागराज वाचला, असे अनेक वर्षे घडले. दोन भाषा, दोन नाग आणि एकच तिथी. महाराष्ट्रातील वाचकाला ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून फार दूरच्या वाटतील. येथे त्या एका उंबरठ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आहेत.

३

प्रथम प्रतिमेचा विचार करू. चित्रकथा ही परकी वस्तू आहे असे आपण समजतो, तेव्हा श्रावणात प्रत्येक मराठी घरी भिंतीवर चिकटविल्या जाणाऱ्या जिवतीच्या कागदाचा आपल्याला विसर पडलेला असतो. हा स्वस्त, छापील कागद चौकटींत विभागलेला असतो. एका चौकटीत नृसिंह, दुसरीत कालियाच्या फणांवर उभा असलेला कृष्ण, तिसरीत मुलांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, चौथीत बुध आणि बृहस्पती. प्रत्येक चौकटीचा महिन्यात आपापला वार किंवा तिथी असते; नागपंचमीला कालियाच्या चौकटीची पूजा होते, शुक्रवारी जिवतीच्या. प्रत्येक चौकटीच्या मागे एक कथा आहे आणि ती कागदावर लिहिलेली नाही. घरातील वडीलधारी स्त्री ती सांगते. मूल चित्राकडे पाहते व कथा ऐकते, आणि एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत आपल्या मनाने जाते.

चित्रकथेच्या पानाचे तंत्र ह्याहून तत्त्वतः वेगळे नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी. चित्रकथेत सांगणाऱ्या स्त्रीची जागा फुग्यातल्या छापील अक्षरांनी घेतली, आणि चौकटींमधील अंतर महिन्याच्या वारांनी मोजले जाण्याऐवजी क्षणांनी मोजले जाऊ लागले. नागराजाच्या आरंभीच्या अंकांची चित्रे पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक ह्यांनी काढली, ही गोष्ट येथे मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. लेखन हिंदीतील लोकप्रिय कादंबरीकार परशुराम शर्मा ह्यांचे. चित्रकार मात्र महाराष्ट्रातला, आणि अमर चित्रकथेच्या पौराणिक व ऐतिहासिक पुस्तकांवर हात बसलेला. अनंत पै ह्यांनी १९६७ साली सुरू केलेल्या त्या मालेने देवादिकांना चौकटींत आणून बसविले होतेच. मुळीकांचा नागराज उभा राहतो तो ह्याच शाळेतून. त्याच्या देहाची ठेवण पाश्चात्त्य व्यायामपटूची असेल. पण त्याच्याभोवती फणा काढून उभ्या असलेल्या नागांची रचना पाहताना डोळ्यांपुढे येते ती आपल्या देवळांतील शेषशायीची आणि नागशिल्पांची. हिंदी मुलांच्या हातात पडलेला हा नाग काही अंशी मराठी रेषेत काढलेला होता.

क्रमशः चालणाऱ्या वीरकथेची गोडीसुद्धा ह्या प्रदेशाला चित्रकथेने लावलेली नाही. बुंदेलखंडात पावसाळा म्हणजे आल्हा गाण्याचे दिवस. महोब्याच्या आल्हा-ऊदल बंधूंची कथा गायक बावन्न लढायांत विभागून सांगतात. एका रात्री एक लढाई, आणि ऐन अटीतटीच्या जागी विराम. पुढल्या अंकाची वाट पाहणारा वाचक येथे छापखान्याच्या कितीतरी आधी श्रोत्याच्या रूपात तयार झालेला होता.

४

आता कथेकडे वळू. नागराजाची मूळ कथा थोडक्यात अशी. प्राध्यापक नागमणी नावाचा एक दुष्ट शास्त्रज्ञ एका बालकाला सर्पविषावर वाढवून त्याचे जिवंत हत्यार बनवितो. हे हत्यार दहशतवाद्यांना विकून पैसा मिळवावा असा त्याचा बेत असतो. नागराजाने आज्ञेबाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या मस्तकात एक नियंत्रक कुपी बसविलेली असते. पहिल्याच कामगिरीवर, एका देवळातील मूर्ती पळविण्यासाठी, त्याला पाठविले जाते. तेथे त्याची गाठ पडते ती बाबा गोरखनाथांशी. गोरखनाथांच्या सोबत शिकांगी नावाचे काळे मुंगूस आहे. ते नागराजाचे मन वाचतात, मस्तकातील कुपी काढून टाकतात आणि त्याला मुक्त करतात. ह्यानंतर नागराज दहशतवादाचा नाश करण्याची प्रतिज्ञा घेऊन देशोदेशी फिरतो. पुढील काळातील अंकांत त्याच्या जन्माचा शोध लागतो: तो राजा तक्षकराज आणि राणी ललिता ह्यांचा पुत्र, नागपाशा हा त्याचा कपटी चुलता, आणि देव कालजयी हे त्याचे कुलदैवत. १९९० नंतरच्या दशकात अनुपम सिन्हा ह्यांच्या हाती ही माला गेली आणि महानगर नावाच्या शहरात ‘राज’ ह्या साध्या नावाने वावरणारा, नोकरी करणारा नागराज वाचकांना भेटला.

ह्या कथेतील शास्त्रज्ञ, कुपी आणि दहशतवाद हे सर्व विसाव्या शतकाच्या नवव्या दशकाचे आहे. त्याच १९८६ साली ‘नगीना’ हा बोलपट आला आणि इच्छाधारी नागिणीची कल्पना पुन्हा एकदा लोकांच्या तोंडी झाली, हाही काळाचाच भाग. परंतु कथेच्या सांध्यावर, जेथे हत्याराचा नायक होतो तेथे, लेखकाने कोणाला उभे केले आहे? एखाद्या वैज्ञानिकाला नाही, पोलीस अधिकाऱ्याला नाही, गोरखनाथांना. ही निवड योगायोगाची असो वा जाणीवपूर्वक असो, तिच्यामुळे ही कथा एका फार जुन्या वाटेला लागते.

सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा ह्या गावी नागपंचमीला जिवंत नागांची पूजा होत असे. त्या प्रथेची दंतकथा अशी सांगतात की, त्या दिवशी गोरक्षनाथ भिक्षेसाठी एका घरी गेले. गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती, त्यामुळे भिक्षा वाढण्यास तिला विलंब झाला. नाथांनी विचारले, मातीच्या नागाची पूजा करतेस, तो जिवंत असता तर केली असतीस काय? तिने होकार दिला, आणि नाथांनी मातीचा नाग जिवंत केला. नाथपंथ महाराष्ट्राला परका नाही. मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ह्या परंपरेनेच ज्ञानदेवांपर्यंत बोध आला; मालू नरहरीने शके १७४१ मध्ये रचलेला ‘नवनाथ भक्तिसार’ अजून श्रावणात घरोघर वाचला जातो; आणि रा. चिं. ढेरे ह्यांनी १९५९ साली ह्या संप्रदायाचा इतिहास लिहून त्याचा विस्तार अभ्यासकांपुढे मांडला. शिराळ्याच्या दंतकथेत गोरक्षनाथ मातीच्या नागाला प्राण देतात. चित्रकथेत ते यंत्रवत् केलेल्या नागाला इच्छा परत देतात. दोन्ही ठिकाणी नाथाचे कार्य एकच आहे. जो नाग दुसऱ्याच्या हातातली वस्तू होता त्याला ते स्वतःचे अस्तित्व बहाल करतात.

ह्याहूनही मागे गेले तर आपण महाभारताच्या आदिपर्वात पोहोचतो. तक्षकाच्या दंशाने परीक्षित मेला म्हणून जनमेजयाने सर्पसत्र आरंभिले, आणि ते थांबविले आस्तीकाने. आस्तीक कोण? जरत्कारू ऋषी आणि वासुकीची बहीण ह्यांचा पुत्र. अर्धा मानवकुळाचा, अर्धा नागकुळाचा. दोन्ही कुळांचे रक्त अंगात असल्यामुळेच तो दोहोंच्या मध्ये उभा राहू शकतो. इरावती कर्वे ह्यांनी ‘युगान्त’मध्ये खांडववनाच्या दाहाचा विचार करताना नागांवरील मानवी आक्रमणाकडे आपले लक्ष वेधले होते, त्या दाहापासून सर्पसत्रापर्यंतचे वैर जो मिटवितो तो नायक मिश्र कुळाचा आहे, ही महाभारतकारांची सूक्ष्म दृष्टी होय. मनुष्यदेहात सर्प वागविणारा नागराज हा आस्तीकाचा दूरचा वंशज आहे असे मी म्हणतो ते ह्या अर्थाने. त्याच्या पित्याचे नाव तक्षकराज ठेवण्यात लेखकांनी ह्या नात्याची खूणही ठेवली आहे.

५

येथवर साम्यांचा विचार झाला. परंतु समीक्षेचे काम वंशावळ दाखवून संपत नाही. वारसाने काय राखले आणि काय गमावले हेही तिने सांगितले पाहिजे. त्यासाठी घरातील दोन कहाण्या आठवल्या पाहिजेत.

पहिलीत शेतकरी नित्याप्रमाणे नांगर धरतो आणि वारुळातली पिले फाळाने मारली जातात. नागीण परत येते, फाळावरचे रक्त पाहते, आणि सूड म्हणून त्या घरातील सर्वांना दंश करते. परगावी दिलेली एक मुलगी उरते. तिला मारण्यासाठी नागीण तिच्या दारी जाते, तो ती पाटावर नागनागीण आणि त्यांची पिले रेखून पूजा करीत असते. नागिणीचा राग निवतो, ती अमृत देते, आणि माहेरची माणसे उठून बसतात. दुसऱ्या कहाणीत धाकट्या सुनेला माहेर नसते. शेष तिचा मामा होऊन येतो आणि तिला पाताळात माहेरपणाला नेतो. तेथे तिच्या हातातला दिवा पडतो आणि नागाच्या पिलांची शेपटे भाजतात. मोठी झाल्यावर ती पिले सूड घ्यायला निघतात. पण ती त्यांनाच भाऊ म्हणून त्यांचे क्षेम चिंतीत आहे हे ऐकून दुधात रत्नहार ठेवून निघून जातात.

ह्या दोन्ही कहाण्यांत अपराध कोणाचा आहे? दुष्टाचा नाही. नांगरणाऱ्याला पिले दिसली नाहीत. सुनेच्या हातून दिवा निसटला. अपराध अजाणता झालेला, रोजच्या कामात झालेला आणि आपला स्वतःचा आहे. पावसाळ्यात नांगर आणि वारूळ एकाच जमिनीवर येतात ह्या साध्या वस्तुस्थितीतून तो निघाला आहे. ही वस्तुस्थिती अजून संपलेली नाही. २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा अंदाज आहे. त्यांतील बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि निम्मे जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतले. कहाणी ज्या भयाशी बोलते ते भय काल्पनिक नव्हते. आणि त्या भयावर तिने सुचविलेला उपाय शस्त्राचा नसून नात्याचा होता. नागाला भाऊ म्हणा, मामा म्हणा. वर्षातून एक दिवस तरी नांगर उभा ठेवा, विळी बाजूला ठेवा, आणि आपल्या हातून काय घडले असेल ते आठवा.

नागराजाच्या कथेत नागावर अन्याय झालेला आहेच. किंबहुना सर्व कथा त्या अन्यायातूनच निघते. बालकाला विष चारून त्याचे हत्यार करणे ह्याहून मोठा अपराध कोणता? पण तो अपराध प्राध्यापक नागमणीचा आहे, नागपाशाचा आहे. वाचक निर्दोष आहे. त्याने फाळ धरलेला नाही, दिवा पाडलेला नाही; तो केवळ रक्षणाची अपेक्षा करतो आणि नागराज त्याचे रक्षण करतो. कहाणीत सूडाला निघालेल्या नागाला एक सामान्य स्त्री थांबविते. चित्रकथेत सूडाचे सामर्थ्य नायकाच्या हाती देऊन त्याला खलांकडे वळविले जाते. विष तेच राहिले, त्याचे लक्ष्य बदलले. कहाणीची खरी नायिका पाटापुढे बसलेली सासुरवाशीण आहे, नाग नव्हे; चित्रकथेत नाग नायक झाला आणि ती पाटावरून उठून गेली. मला हा फरक फार मोठा वाटतो. लोककथेने श्रोत्याला स्वतःच्या दोषाची जाणीव देऊन मग क्षमेचा आनंद दिला होता. नव्या कथेने त्याला दोषातून आधीच मोकळे करून विजयाचा आनंद दिला.

ह्यासाठी चित्रकथेला दूषण द्यावे असे मात्र मला वाटत नाही. शहरातील मुलाच्या हातात नांगर नसतो. त्याच्या भयाचे विषय निराळे असतात. १९८० नंतरच्या दशकात वर्तमानपत्र उघडले की बॉम्बस्फोट आणि अपहरणे ह्यांच्या बातम्या येत होत्या. अशा वेळी जगातील विष स्वतःच्या देहात साठवून ते दुर्जनांवर उलटविणारा नायक मुलांना हवासा वाटला, ह्यात नवल नाही. विषाने विष उतरविण्याची कल्पना खुद्द वैद्यकालाही परकी नाही. सर्पविष घोड्याला थोडे थोडे टोचून त्याच्या रक्तातून दंशावरील लस तयार करण्याचे काम मुंबईच्या हाफकिन संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. नीलकंठाच्या देशात विष पचविणाऱ्याविषयी आदर असणारच.

६

भाषांतरकार म्हणून ह्या फरकाची जाणीव मला एका शब्दापाशी झाली. नागराज मराठीत आणावयाचा झाल्यास त्याच्या नावाचे काय करावे? वरवर पाहता प्रश्नच उद्‌भवत नाही. शब्द संस्कृत, दोन्ही भाषांत तोच. पण मराठी माणूस त्या दिवशी ज्याची पूजा करतो त्याला नागराज म्हणत नाही. तो नागोबा म्हणतो. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, वाघोबा ह्या शब्दांतील हा ‘बा’ वडीलधाऱ्याचा आहे. त्यात भीती आहे, आदर आहे आणि लाडही आहे. वाघासारख्या प्राण्यालाही मराठीने ह्या प्रत्ययाने आपल्या ओसरीवर आणून बसविले. ‘राज’ने नाग सिंहासनावर चढतो, ‘बा’ने तो घरात येतो. राजाशी प्रजेचे नाते असते, नागोबाशी भाचीचे किंवा बहिणीचे. नागराज ह्या शब्दाला मराठीत नागोबा हा पर्याय देता येत नाही, आणि हे न देता येणे हेच दोन कथांमधले अंतर आहे.

अशा नावांच्या बाबतीत मराठीचे भाग्य एकदा उघडले होते. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सने परदेशी फँटमला वेताळ हे नाव दिले, तेव्हा गावाच्या वेशीवर रात्री फेरी घालणाऱ्या आपल्या जुन्या रक्षकदेवाची सारी छाया त्या मुखवट्याच्या वीरावर पडली आणि तो परका राहिला नाही. तेथे परक्या नायकाला घरचे नाव मिळाले. येथे नायक घरचाच आहे, आणि घरचे नाव मात्र त्याला लागू पडत नाही. हिंदी आणि मराठी ह्या भगिनी भाषा असल्यामुळे त्यांच्यामधील भाषांतर सोपे असते असा समज आहे. प्रत्यक्षात शब्द सारखे असतात तेथेच संस्कार निसटून जाण्याचा धोका अधिक. कारण तेथे भाषांतरकाराला थांबून विचार करण्याची गरज भासत नाही.

७

नागपंचमीची प्रतिमा एका स्थितीत कधीच राहिली नाही, हे शेवटी सांगितले पाहिजे. शिराळ्याच्या दंतकथेत मातीच्या नागाचा जिवंत नाग झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांची बंधने आल्यावर तेथील जिवंत नागांच्या मिरवणुका व खेळ थांबले, आणि पूजा पुन्हा प्रतिमेकडे वळली. सर्प दूध पीत नाही आणि पाजल्याने त्याला इजाच होते, हे प्राणिशास्त्राने सांगितल्यानंतर पाटावरच्या नागाला दाखविलेला नैवेद्य हाच खऱ्या अर्थाने निरुपद्रवी ठरला. कहाणीतल्या मुलीने तरी दुसरे काय केले होते? तिने नाग पकडून आणला नव्हता; गंधाने काढला होता, आणि रेषांचा तो नाग पाहूनच खऱ्या नागिणीचा राग निवला होता. प्रतिमेच्या सामर्थ्यावर एवढा विश्वास टाकणारी कथा ज्या परंपरेत आहे, तिने कागदावर छापलेल्या नागाला केवळ बाजारू म्हणून झिडकारणे शोभणार नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, नागराज ह्या नायकाला जिवतीच्या कागदाच्या शेजारी ठेवून वाचावे. तसे वाचले म्हणजे तो पाश्चात्त्यांची नक्कल वाटत नाही आणि पुराणाची पुनरावृत्तीही वाटत नाही. जुन्या प्रतिमेला नव्या भयाशी बोलावयाला लावण्याचा तो एक प्रामाणिक प्रयत्न वाटतो. त्याचबरोबर, ज्या गोष्टीला त्याच्या पानांत जागा मिळाली नाही ती घरात चालू राहणे किती आवश्यक आहे हेही कळते. चित्रकथा मुलाला सांगते की विष दुर्जनांवर उलटविता येते. कहाणी त्याला सांगते की फाळ आपल्याही हातात असतो. झाशीसारख्या गावातील मराठी मुलाला पहिली गोष्ट हिंदीत आणि दुसरी मराठीत ऐकावयास मिळते, ही त्याची अडचण नसून संपत्ती आहे. मात्र पहिली दुकानात आपोआप मिळते. दुसरी कोणीतरी सांगावी लागते. ती सांगणारे ओठ मिटले तर नाग उरेल, नागोबा उरणार नाही.